देशांची जमीन, देशांची माणसं: वर्गात नकाशे करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाचे दोन नकाशे, एक जमिनीचा आणि एक माणसांचा, लेकरांच्या हातून करून घेऊ पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. घरी बसून लेकरासोबत करणाऱ्या पालकांनाही ती चालतील. काही प्रश्न शिक्षकांचे आहेत, काही पालकांचे, आणि काही थेट लेकरांचे. लेकरांचे प्रश्न सगळ्यात अवघड आहेत, म्हणून त्यांची उत्तरं लांबली आहेत.

उपक्रम नेमका काय आहे?

आलेख कागदाच्या चौकटी मोजून जगाचे दोन नकाशे करायचे. पहिल्यात देशाची जमीन जितकी मोठी, तितक्या चौकटी त्याला मिळतात. दुसऱ्यात देशात माणसं जितकी, तितक्या चौकटी. या दुसऱ्या प्रकाराला कार्टोग्राम म्हणतात. अमेरिकेत काम केलेल्या एर्विन राइझ या नकाशातज्ज्ञाने १९३४ मध्ये आयतांचे असे नकाशे मांडले होते, तेव्हा हे काही नवं खूळ नाही. दोन्ही नकाशे तयार झाले की शेजारी-शेजारी लावायचे आणि लेकरांना बोलू द्यायचं.

पाठ्यपुस्तकात क्षेत्रफळ आणि लोकसंख्या दोन रकान्यांत छापलेली असते. लेकरं ते आकडे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. बांगलादेशाच्या सतरा चौकटी स्वतः कापून चिकटवणारी मुलगी तो देश विसरत नाही. मी हा उपक्रम सगळ्यांना करायला सांगतो तो एवढ्याचसाठी.

सुरुवात थेट जगापासून करायची का?

नको. आधी आपले आठ जिल्हे घ्या. आकडे लहान असतात, नावं ओळखीची असतात आणि चूक लेकरांना स्वतःलाच सापडते.

बीड, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर हे तीन जिल्हे फळ्यावर लिहा. क्षेत्रफळ अनुक्रमे सुमारे १०,७००, १०,५०० आणि १०,१०० चौरस किलोमीटर. १,००० चौ.कि.मी.ला एक चौकट धरली तर तिघांना जवळपास सारख्याच चौकटी मिळतात. आता २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या बघा: बीड २५.८५ लाख, नांदेड ३३.६१ लाख, छत्रपती संभाजीनगर ३७.०१ लाख. जमिनीत पहिला असलेला बीड माणसांत तिसरा येतो. "सर, मोठा जिल्हा म्हणजे नेमका कोणता?" हा प्रश्न वर्गातून आपोआप उठतो. तो उठला की जगाच्या नकाशाकडे जायला हरकत नाही.

हिंगोलीच्या शाळेत असाल तर आणखी एक गोष्ट करता येते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. दोघांच्या चौकटी एकत्र चिकटवा आणि मग कात्रीने वेगळ्या करा. सीमा माणसांनी आखलेली असते आणि ती बदलली की आकडेही बदलतात, हे लेकरांना कात्री चालवताना कळतं. सुदानचे २०११ मध्ये दोन देश झाले आणि अल्जीरिया क्षेत्रफळाने आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश ठरला, ते समजावायला मग वेगळा तास लागत नाही.

आपला मराठवाडा एखाद्या देशाएवढा आहे का?

आहे, आणि हे लेकरांना जरूर सांगा.

आठ जिल्ह्यांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे ६४,८०० चौ.कि.मी. होतं. श्रीलंका ६५,६१० चौ.कि.मी.ची आहे. युरोपात बाल्टिक समुद्राकाठी लाटव्हिया नावाचा देश आहे, तो सुमारे ६४,६०० चौ.कि.मी.चा. म्हणजे जमिनीच्या नकाशावर मराठवाडा, श्रीलंका आणि लाटव्हिया एकाच मापाचे.

आता माणसं मोजा. २०११ मध्ये मराठवाड्याची लोकसंख्या १.८७ कोटी होती. श्रीलंकेची दोन कोटींच्या थोडी वर आहे, म्हणजे ती आपल्या बरोबरीची. लाटव्हियात मात्र १९ लाखांच्या आसपासच माणसं आहेत. तितक्याच जमिनीवर आपण त्यांच्या दहापट. त्या अख्ख्या देशातली माणसं एकट्या जालना जिल्ह्यात मावतात, जालन्याची २०११ ची लोकसंख्या १९.५९ लाख होती.

पूर्ण महाराष्ट्र घ्यायचा असेल तर इटली आणि फिलिपिन्स घ्या. तिन्ही ३ लाख चौ.कि.मी.च्या आसपास. इटलीत ५.९ कोटी माणसं आहेत, फिलिपिन्समध्ये ११ कोटींहून अधिक, आणि महाराष्ट्रात २०११ मध्ये ११.२४ कोटी होती.

पण मोबाइलवर लाटव्हिया मराठवाड्यापेक्षा खूप मोठा दिसतो. असं का?

जवळपास तिप्पट मोठा दिसतो. त्याचं कारण प्रक्षेपण.

जालन्याची मोसंबी घ्या, साल न फाडता एका तुकड्यात सोला आणि टेबलावर सपाट दाबून बसवा. ती कुठे ना कुठे फाटते, किंवा ताणावी लागते. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना हेच होतं. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये जो नकाशा काढला तो जहाजं हाकणाऱ्यांसाठी होता. दिशा अचूक राहावी म्हणून त्याने ध्रुवांकडचा भाग ताणला. मोबाइलवरचा सपाट नकाशाही बहुधा याच रीतीचा असतो. विषुववृत्तापाशी ताण नसतो, पण जसजसं उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसतसा तो वाढत जातो. ६० अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होतं. दहावीच्या मुलांना याचं गणितही देता येतं. कोसाइन ६० अंश म्हणजे १/२; त्याचा व्यस्त २; त्याचा वर्ग ४.

मराठवाडा साधारण १९ अंशांवर आहे, तिथे क्षेत्रफळ फक्त १२ टक्क्यांच्या आसपास फुगतं. लाटव्हिया ५७ अंशांवर, तिथे ते तिपटीहून जास्त फुगतं. म्हणून बरोबरीचे दोन प्रदेश एकास तीन दिसतात. ग्रीनलँडचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. मर्केटरच्या नकाशात तो आफ्रिकेएवढा दिसतो, पण प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. तरी आपल्या लेकरांसाठी मी लाटव्हियाचंच उदाहरण देतो, कारण त्यात एका बाजूला त्यांचं स्वतःचं गाव असतं.

खात्री करायची असेल तर शाळेतला पृथ्वीगोल काढा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून भारत गिरवा आणि तोच कागद ग्रीनलँडवर सरकवा. भारत ३२.८७ लाख चौ.कि.मी., ग्रीनलँड २१.६६ लाख. भारत मोठा आहे, हे लेकरं स्वतः बघतात.

मग नकाशा गिरवायला कोणता घ्यावा?

समक्षेत्र प्रक्षेपणावरचा, म्हणजे ज्यात क्षेत्रफळांचं प्रमाण बिघडत नाही असा कोणताही. मोलवाइड (१८०५) चालेल, गॉल-पीटर्स चालेल, २०१८ मध्ये आलेला इक्वल अर्थ तर दिसायलाही छान आहे. मर्केटर घेऊ नका.

एका चौकटीला किती धरायचं?

या प्रश्नावर थोडा वेळ घालवा, कारण सगळा उपक्रम इथे ठरतो.

माणसांच्या नकाशात एक चौकट म्हणजे एक कोटी माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ८१६ कोटी माणसं आहेत, म्हणजे ८१६ चौकटी.

जमिनीच्या नकाशातही एकूण चौकटी तेवढ्याच ठेवा. अंटार्क्टिका सोडून जगाची जमीन सुमारे १३.५ कोटी चौ.कि.मी. आहे. तिला ८१६ ने भागलं की एका चौकटीला साधारण १.६५ लाख चौ.कि.मी. येतात. बरेच जण इथे सोपा आकडा म्हणून एक लाख किंवा दोन लाख धरतात आणि गाडी तिथेच अडते, कारण मग दोन नकाशांची तुलना डोळ्यांना करता येत नाही. दोन्हीकडे कागद सारखाच खर्च झाला पाहिजे. तसं झालं की एखाद्या देशाला एका नकाशात जास्त चौकटी आणि दुसऱ्यात कमी मिळाल्या, तर त्याचा अर्थ सरळ लागतो.

काही देशांच्या चौकटी अशा येतात, आधी जमिनीच्या आणि मग माणसांच्या:

भारत: २० आणि १४५
चीन: ५८ आणि १४२
रशिया: १०४ आणि १४
कॅनडा: ६० आणि ४
ब्राझील: ५२ आणि २१
ऑस्ट्रेलिया: ४७ आणि ३
नायजेरिया: ६ आणि २३
जपान: २ आणि १२
बांगलादेश: १ आणि १७
ग्रीनलँड: १३ आणि शून्य

हे आकडे आधीच फळ्यावर लिहून देऊ नका. प्रत्येक गटाला चार-पाच देश द्या आणि भागाकार त्यांनाच करू द्या. पूर्णांकात आणताना वाद होतात, अर्ध्या चौकटीवरून भांडणं होतात. ती होऊ द्यावीत.

कागदाचं माप सांगायचं तर एक सें.मी.ची चौकट धरली की ८१६ चौ.सें.मी. लागतात. एका पूर्ण कार्डशीटवर समुद्रासाठी भरपूर जागा सोडूनही हे बसतं. दीड सें.मी.ची चौकटही बसते, पण दोन सें.मी. घेतले तर समुद्राला जागाच उरत नाही.

चौकटी मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक देशाचा एकच चौकोन काढला तर?

काढता येतो, पण वर्गमूळ येणाऱ्या वर्गातच. लेकरं हमखास असं करतात: ब्राझीलची माणसं २१ कोटी, भारताची १४५, म्हणजे जवळपास सातपट, म्हणून भारताच्या चौकोनाची बाजू सातपट घेतात. मग भारत ब्राझीलच्या ४९ पट होऊन बसतो. बाजू वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यायची असते, इथे साधारण २.६ पट. आठवीच्या गणिताला हा सुंदर जोड आहे. पाचवी-सहावीला मात्र चौकटीच मोजू द्या, त्यात ही चूक होऊच शकत नाही.

देश एकमेकांना कसे जोडायचे? आकार तर सगळे बिघडतात.

आकार बिघडणारच. तो राखायचा नाही, शेजार राखायचा.

प्रत्येक देशाच्या चौकटींचा तुकडा वेगळा कापा आणि डिंक लावण्याआधी सगळे तुकडे फरशीवर मांडून बघा. सुरुवात भारत आणि चीनपासून करा, कारण हे दोन मिळूनच जगाच्या एक तृतीयांशाहून जास्त जागा घेतात. उरलेलं जग त्यांच्याभोवती बसवावं लागतं. नेपाळच्या तीन चौकटी दोघांच्या मध्ये. श्रीलंकेच्या दोन खाली. पाकिस्तानच्या २५ पश्चिमेला, बांगलादेशाच्या १७ पूर्वेला. मग रशियाच्या १४ चौकटी हातात घेतलेलं लेकरू थांबतं, कारण चीनच्या डोक्यावर पसरायला त्या पुरत नाहीत. एक चौकट उंचीची लांब पट्टी करून ती चीनच्या वरून युरोपापर्यंत न्यावी लागते. रशिया बांगलादेशापेक्षा लहान कसा, याची चर्चा तिथेच होते. ती घाईने आटोपू नका, वेळापत्रकात जास्तीची एक तासिका याच कामासाठी ठेवा.

अख्खा आफ्रिका खंड, ५४ देश मिळून, सुमारे १५० चौकटींचा होतो. एकटा भारत १४५ चा. जमिनीच्या नकाशात आफ्रिका भारताच्या नऊपट आहे.

मालदीव, भूतान, मंगोलिया यांचं काय?

पन्नास लाखांहून कमी माणसं असलेल्या देशाला चौकट मिळत नाही. त्यांच्यासाठी स्केचपेनने योग्य जागी टिंब द्या आणि नाव लिहा. वगळू नका. मंगोलिया १५.६४ लाख चौ.कि.मी.चा, जमिनीच्या नकाशात साडेनऊ चौकटींचा देश. माणसं ३५ लाख, त्यामुळे दुसऱ्या नकाशात त्याच्या वाट्याला फक्त टिंब येतं. लेकरांना हे टिंब फार आवडतं.

आकडे कुठले वापरायचे? प्रत्येक ठिकाणी वेगळेच दिसतात.

एकच स्रोत आणि एकच वर्ष ठरवा. देशांसाठी संयुक्त राष्ट्रांचे अंदाज घ्या, जिल्ह्यांसाठी २०११ ची जनगणना. भारताची २०११ ची संख्या (१२१ कोटी) आणि चीनची आजची संख्या शेजारी ठेवली तर चीन पुढे दिसेल. प्रत्यक्षात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारत २०२३ मध्येच चीनच्या पुढे गेला. मराठवाडा आणि लाटव्हियाच्या तुलनेत वर्ष वेगळं आहे, तेव्हा तिथे वर्ष लिहायलाच हवं. वर्ष न लिहिता लोकसंख्या लिहिली तर गुण कापा.

क्षेत्रफळातही एक खोच आहे. एकूण क्षेत्रफळात तळी आणि नद्या येतात, जमिनीच्या क्षेत्रफळात येत नाहीत. कॅनडाचं एकूण क्षेत्रफळ ९९.८ लाख चौ.कि.मी., पण त्यातलं जवळपास ९ लाख गोडं पाणीच आहे. नुसती जमीन मोजली तर चीन कॅनडाच्या पुढे जातो. दोन्हींपैकी काहीही चालेल, फक्त सगळ्या देशांना एकच माप लावा.

भारताच्या सीमेबद्दल काय काळजी घ्यावी?

भारताची बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घ्या. परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेला कोरा नकाशा तसाच छापू नका, त्यात जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा वेगळी असू शकते. आपलं अधिकृत क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौ.कि.मी. आहे आणि त्यात पाकिस्तान व चीनच्या ताब्यातला भागही धरलेला आहे. जनगणना मात्र तिथे होत नाही. २०११ ची घनता, म्हणजे दर चौ.कि.मी.मागे माणसं, ३८२ काढताना तो भाग बाजूला ठेवला जातो. एखाद्या हुशार मुलीने १२१ कोटींना ३२.८७ लाखांनी भागून ३६८ काढलं आणि "पुस्तकात वेगळं का?" असं विचारलं, तर हे तिचं उत्तर.

ऊसतोडीला गेलेल्या घरची माणसं कुठल्या जिल्ह्यात मोजतात?

हा प्रश्न बीड-धाराशिवकडच्या लेकरांचा आहे आणि तो खराखुरा आहे. ज्यांचे आई-बाबा दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, त्यांना मोजणी ही कोरडी गोष्ट वाटत नाही.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि संदर्भ तारीख १ मार्च होती. नियम असा, की जो माणूस मोजणीच्या पूर्ण काळात आपल्या नेहमीच्या घरी नसतो, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. त्यामुळे पूर्ण महिना फडावर असलेलं कुटुंब कारखान्याच्या भागात मोजलं जातं, गावात नाही. लोकसंख्या म्हणजे अमुक दिवशी अमुक ठिकाणी कोण होतं याची नोंद, एवढं त्या लेकराला नीट सांगा. आणि त्याचे आई-बाबा मोजले जातात, सुटत नाहीत, हेही सांगा.

"रशिया एवढा मोठा आहे, मग माणसं गेली कुठं?"

सहावीतल्या पोराचा प्रश्न, आणि खरा भूगोल इथूनच सुरू होतो.

रशियाच्या निम्म्याहून जास्त जमिनीखाली कायम गोठलेली माती आहे. तिथे बहुतेक ठिकाणी पेरणी होत नाही, घराचा पायाही सहज घालता येत नाही. देशातली साधारण तीन चतुर्थांश माणसं उरल पर्वताच्या पश्चिमेला, जेमतेम पाव जमिनीवर राहतात. कॅनडातली बहुतेक माणसं दक्षिणेकडे, अमेरिकेच्या सीमेजवळच्या पट्ट्यात आहेत. ऑस्ट्रेलियाचा मधला भाग वाळवंटी, शहरं किनाऱ्याला. इजिप्त १० लाख चौ.कि.मी.चा, पण जवळपास सगळी माणसं नाईलच्या काठाने, देशाच्या साधारण ५ टक्के जमिनीवर राहतात. ग्रीनलँडचा सुमारे ८० टक्के भाग बर्फाखाली आहे.

बांगलादेश याच्या उलट. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी आणून टाकलेला गाळ, सपाट जमीन, भरपूर पाऊस आणि वर्षाला भाताची दोन-तीन पिकं. अशी जमीन हजारो वर्षं माणसं पोसत आली आहे. मग वर्गाला विचारा, गोदावरीकाठची गावं आणि बालाघाटाच्या डोंगरावरची गावं यांत माणसं कुठे जास्त, आणि का? काळी माती, पाणी, रस्ता, बाजार ही उत्तरं ते स्वतः देतात. रशियाचं कोडं सोडवण्याची रीत तिथूनच सापडते.

माणसांच्या नकाशात भारत एवढा फुगलेला दिसतो. लेकरांना त्याची लाज वाटणार नाही का?

एका पालकांनी हे फार कळकळीने विचारलं होतं. "लोकसंख्या जास्त म्हणून आपण गरीब" हे वाक्य लेकरं घरी-दारी ऐकतात आणि नकाशा बघून तेच म्हणतात. तिथे त्यांना थांबवून पुरावा मागा. नेदरलँड्समध्ये दर चौ.कि.मी. जमिनीवर पाचशेहून जास्त माणसं आहेत, भारताहून दाट, आणि तरी तो शेतमाल निर्यात करणाऱ्या आघाडीच्या देशांपैकी एक आहे. जपानची घनता ३३० च्या आसपास, मराठवाड्याची २०११ मध्ये २९० च्या आसपास. दुसरीकडे, दर चौ.कि.मी.मागे चार-पाच माणसं असलेले गरीब देशही आहेत. नुसत्या घनतेवरून देशाची परिस्थिती ठरत नाही.

त्या १४५ चौकटींतली प्रत्येक चौकट एक कोटी जित्या माणसांची आहे, आणि आपल्या आठ जिल्ह्यांच्या तिथे जवळजवळ दोन आहेत. त्या दोन चौकटी वेगळ्या रंगाने रंगवू द्या.

कार्डशीट, आलेख कागद काहीच नाही. मग?

चिंचोके, रांगोळी आणि शाळेचं अंगण. खरं सांगायचं तर मला कागदापेक्षा हाच प्रकार जास्त आवडतो.

अंगणात रांगोळीने चौकटींचा जमिनीचा नकाशा काढा, चौकटीची बाजू १० सें.मी. सगळी जमीन मिळून ८ चौ.मी.च्या थोडी वर होते, समुद्र धरला तरी अंगण पुरतं. लेकरांना ८१६ चिंचोके गोळा करायला सांगा. एक चिंचोका म्हणजे एक कोटी माणसं. आता ज्या त्या देशात त्याचे चिंचोके ठेवायचे. चौकटी ८१६ आणि चिंचोकेही ८१६, म्हणजे माणसं जगभर सारखी पसरलेली असती तर प्रत्येक चौकटीत बरोबर एक चिंचोका पडला असता. पण बांगलादेशाच्या एकाच चौकटीत सतरा चिंचोक्यांचा ढीग होतो. भारताच्या प्रत्येक चौकटीत सात-सात येतात. ऑस्ट्रेलियाच्या ४७ चौकटींत फक्त तीन, आणि ते कुठे ठेवायचे यावरून खल होतो. ग्रीनलँड रिकामा राहतो. घनता म्हणजे काय हे मग वेगळं सांगावं लागत नाही, भारत जगाच्या सरासरीच्या सातपट दाट आहे हे लेकरं बोटांनी मोजतात.

लहान देशांसाठी ज्वारीचे दाणे घ्या, दहा दाण्यांचा एक चिंचोका. मग लाटव्हियाला दोन दाणे आणि मराठवाड्याला एकोणीस.

एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसतात. जमेल का?

उलट सोपं जातं. तिसरी-चौथीची लेकरं चिंचोके मोजतात, पाचवी-सहावी चौकटी आखते, सातवी-आठवी भागाकार करते.

वर्गातल्या दृष्टिहीन लेकराला यात कसं घ्यायचं?

सीमांवर डिंकाने सुतळी चिकटवा, चौकटीत ज्वारीचे दाणे. दोन्ही नकाशे असेच करा आणि एकाच उंचीवर, शेजारी ठेवा. एक हात जमिनीच्या भारतावर, दुसरा माणसांच्या भारतावर. डोळस लेकरांनाही डोळे मिटून हे करायला लावा, त्यांना आवडतं. जागेचं भान स्पर्शाने पक्कं होतं, आणि ते लेकरू वर्गात नुसतं ऐकत बसत नाही.

नववीत क्षेत्रघनी नकाशे आहेतच. मग हे कशाला?

क्षेत्रघनी नकाशात घनता रंगाच्या छटेने दाखवतात, पण देशाची जागा जमिनीएवढीच राहते. त्यामुळे फिकट रंगाचा रशिया कागदावर सगळ्यात मोठा दिसत राहतो आणि गडद बांगलादेश शोधावा लागतो. तो नकाशा शिकवाच, आणि त्यानंतर हा.

परीक्षेला उपयोग होतो का?

होतो. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवरच बेतलेला आहे. ब्राझील जमिनीत भारताच्या अडीचपटीहून मोठा, माणसांत साधारण सातवा हिस्सा. ज्याने दोन्ही देशांच्या चौकटी कापल्या आहेत त्याला लोकसंख्येच्या धड्यावरचं 'भौगोलिक कारणे द्या' अवघड जात नाही. ब्राझीलची माणसं किनाऱ्याला का आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात विरळ का, हे त्याने आधीच विचारलेलं असतं.

संगणकावर हे तयार मिळतं. हाताने करण्यात वेळ का घालवायचा?

मिळतं, आणि चांगलं मिळतं. मायकेल गॅस्टनर आणि मार्क न्यूमन यांनी २००४ मध्ये अशी रीत मांडली की देश फुगतात-आकसतात, पण शेजार सुटत नाही. वर्ल्डमॅपर या संकेतस्थळावरचे नकाशे त्याच रीतीने केले गेले. शाळेत प्रोजेक्टर असेल तर जरूर दाखवा, पण आपले नकाशे झाल्यावर. आधी दाखवले तर लेकरं "किती गंमतशीर!" म्हणून पुढे जातात. नंतर दाखवले तर आपला रशिया आणि त्यांचा रशिया ताडून बघतात, चुका काढतात, कधी त्यांच्या नकाशात, कधी आपल्यात.

केलेले नकाशे टाकून द्यायचे का?

जगाचे टाकले तरी चालतील, जिल्ह्यांचा ठेवा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. नवे आकडे आले की त्याच चौकटींच्या मापाने आठ जिल्हे पुन्हा काढायचे आणि २०११ च्या नकाशाशेजारी लावायचे. कागदाच्या मागे वर्ष, स्रोत आणि चौकटीचं माप पेनाने लिहून ठेवा, पेन्सिलीने नको.